कमरेला बांधलेलं मीठ

खोटं कशाला बोलू, त्या चैत्रात महाकालीला निघाले तेव्हा देवी माझं ऐकते की नाही, याची मला खात्री राहिली नव्हती. लहानपणापासून तिचं नाव घेत आले. आमचा मुलूख नांदेडकडचा, पण आमची कुलदेवता चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची. आमच्या घरातली माणसं दर चैत्रात तिकडं जातात, तिथल्या झरपट नदीत अंघोळ करतात आणि ओल्या अंगानं आईच्या पायावर डोकं ठेवतात. मी सून म्हणून आले तेव्हापासून मीही जात होते. पण त्या वेळी वर्षभर मी तिला हाक मारत होते आणि अंगातली ताकद रोज थोडी थोडी कमीच होत होती.

माझी शाळा सहावीत सुटली. तेव्हा मला छातीचा मोठा आजार झाला होता, खोकल्याचा, ज्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात. बरी झाले, पण शाळेत परत गेले नाही. त्यामुळं लिहिताना चुकलं-माकलं तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. हे लिहायचं कारण एवढंच, की जे माझ्यासोबत झालं ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल, आणि आईचं देणं आपण सांगितलं नाही तर मनाला चैन पडत नाही.

आजाराची सुरुवात कशी झाली ते कळलंच नाही. कापसाच्या ओळीत वाकून उभी राहिले की डोळ्यापुढं अंधारी यायची. बांगड्या हातातून निसटायला लागल्या. जेवण नको व्हायचं, सकाळी उलटी व्हायची, आणि बायका हसून विचारायच्या, "काय गं, दुसरं पाहुणं आलं का?" तसं काही नव्हतं. मग अंग काळं पडायला लागलं. उन्हानं पडतं तसं नाही. बोटांची पेरं, कोपरं, लहानपणी चुलीवर भाजलेला जुना डाग, सगळं जणू कुणी काजळ चोळल्यासारखं. ओठ आणि हिरड्यासुद्धा. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, एकदा भाकरी थापताना माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "चोरून मिश्री लावायलीस का गं?" मी शपथ घेतली तरी त्यांनी माझ्या ट्रंकेत डबी शोधलीच. सापडली नाही तेव्हा म्हणाल्या, "मग शेतात लावत असशील."

एक गोष्ट मात्र मी खरंच चोरून करत होते. मीठ खात होते. बरणीतलं खडेमीठ पदरात बांधून शेतात न्यायचे आणि गोळीसारखं चघळायचे. लोणच्याचं खारट पाणी वाटीनं प्यायचे. हे कुणाला सांगायचं? माणूस गोड चोरून खातो, मीठ कोण खातं? मला वाटायचं, हे माझ्या डोक्यातलंच काही बिघडलं असणार. गावातले डॉक्टर रक्त कमी आहे म्हणायचे, ताकदीचं औषध द्यायचे. फार झालं की सलाईन लावायचे. सलाईन लावलं की दोन दिवस मी अगदी माणसात यायचे, मग परत तेच. डॉक्टर एकदा हसत म्हणाले होते, "मिठाचंच पाणी आहे हो बाई, एवढी काय त्याची गोडी लागली तुम्हाला?" त्यांनी गमतीनं म्हटलं, माझ्या मात्र मनात चोर होता, मी मान खाली घातली.

आमच्या घरी नवसाची एक रीत आहे. देवीला काही मागायचं तर आपल्याला सगळ्यात आवडतं ते सोडायचं. जे सोडलं त्याचा खडा किंवा दाणा हळदीच्या फडक्यात बांधून कमरेला खोचायचा, दर्शनाच्या दिवशी तो आईच्या पायाशी ठेवायचा, आणि मगच सोडलेलं परत तोंडात घ्यायचं. आत्याबाईंनी पोराच्या जन्मासाठी गूळ सोडला होता. मला सगळ्यात आवडतं काय, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पाडव्याच्या सकाळी मी देवघरापुढं बसून मीठ सोडलं. अळणी भाकरी, अळणी वरण. आत्याबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "अळणी धरणं सोपं नसतं. आई बघंल तुझ्याकडं." आणि माझ्या फडक्याला गाठ त्यांनीच मारली.

नवस मोडला तर काय, तेही त्यांनीच सांगितलं होतं. मधेच मोडलेला नवस घरातल्या लेकरावर उतरतो म्हणतात. मला एकच मुलगी, तेव्हा चार वर्षांची, माझ्या आईकडं ठेवून आले होते. म्हणून पाडव्यानंतर गावात सलाईन लावायची वेळ आली तेव्हा मी नको म्हणाले. तेही मीठच की.

टेम्पोत आमच्या गावची बरीच माणसं होती. किनवट, आदिलाबाद करत कोरपन्याकडून आम्ही येत होतो. हलगी वाजत होती, बायका गाणी म्हणत होत्या. मी फळीला टेकून बसले होते आणि उलट्या करून करून पोटात काही उरलं नव्हतं. कोरपन्याच्या पुढं सिमेंटच्या धुळीनं पांढरी पडलेली झाडं मागं जाताना बघितली, एवढं आठवतं. आमचे मालक ओला रुमाल माझ्या डोक्यावर ठेवत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आलंच चांदा, आलंच." राजुरा मागं पडलं, वर्धा नदीचा पूल दिसायला लागला, आणि टेम्पोच्या इंजिनातून वाफ निघाली. उन्हानं इंजिन तापलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, गार होईपर्यंत काही हलता येणार नाही.

आई एवढी जवळ आणि गाडी बंद. मला उतरवून पुलाअलीकडच्या झाडाखाली निजवलं. तिथं नदीत मासे धरणारं एक जोडपं बसलं होतं. बाई जाळ्यातली शेवाळं काढत होती. तिचा नवरा मासळीचे क्रेट तीनचाकी गाडीत रचत होता. बाईचं नाव भागरथाबाई, हे मला पुढं कळलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि जाळं बाजूला टाकून उठली.

"काऊन जी, हिले ऊन लागलं का? ओठ पाहा कसे सुकले. पाणी तरी पाजा लोकहो!"

"पाणी पोटात ठरत नाही हो," मालक म्हणाले.

तिनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि माझं डोकं आपल्या मांडीवर घेऊन तो माझ्या तोंडाला लावला. पातळ भाताची पेज होती ती, गार झालेली. पहिल्या घोटालाच कळलं की त्यात मीठ आहे. मी तोंड फिरवायला पाहिजे होतं. मनानं मी फिरवलंच होतं, पण अंगानं ऐकलं नाही. डबा अर्धा होईपर्यंत मी थांबले नाही. आणि काय सांगू, थोड्या वेळानं माझ्या डोळ्यापुढचा अंधार विरळ झाला. मी उठून बसले. पुलावरून जाणारी माणसं ओळखू यायला लागली.

आणि मग मी रडायला लागले. आत्याबाई धावत आल्या. "काय झालं गं? रडायलीस कशाला?"

"मीठ होतं त्यात," मी म्हणाले.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्या भागरथाबाईकडं वळल्या. "अहो बाई, विचारायचं तरी होतं! अळणी होती तिची. महाकालीच्या दारात आलो आणि तुम्ही मोडलंत."

"माय वं! मले का सपन पडलं? मरून राह्यली ती, अन् मी आधी पंचांग काढू का?" भागरथाबाई डब्याचं झाकण लावत म्हणाली. "बिनामिठाची पेज तं आमचं कुत्रं बी पेत नाई."

तिचा नवरा किसनभाऊ हसला, पण तेवढ्यात मी पुन्हा आडवी झाले होते. सगळी पेज उलटून पडली. हातपाय गार पडले. मालकांनी हाका मारल्या त्या मला विहिरीच्या तळातून ऐकू येत होत्या.

पुलावर तेव्हा दुसरी कुठलीच गाडी थांबेना. किसनभाऊनं रचलेले क्रेट खाली उतरवायला सुरुवात केली. मासळी उन्हात ठेवली तर सडणार, हे त्याला माहीत होतं. दोन क्रेट उतरवले आणि राहिलेल्यांच्या मधे गोणपाट टाकलं. आत्याबाई म्हणाल्या, "देवीला निघालेलं माणूस मासळीच्या गाडीत कसं घालायचं?"

"मंग पालखी येतपर्यंत थांबता का?" भागरथाबाई म्हणाली, आणि स्वतःच माझे पाय धरून मला उचललं. आत्याबाई गाडीत चढल्या. माझ्या डोक्याशी बसल्या, मालक आणि भागरथाबाई पायाशी. बर्फाचं पाणी क्रेटमधून माझ्या पाठीखाली येत होतं आणि त्या गारव्यानंच कदाचित माझी शुद्ध पूर्ण हरपली नाही. असंच पाण्यानं निथळत मी चंद्रपुरात शिरले. दरवर्षी झरपटीच्या पाण्यानं भिजून शिरायचे, त्या वर्षी मासळीच्या बर्फानं.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, परत बांधला, आणि नर्सला भराभर काहीतरी सांगितलं. सुई आणली, बाटली टांगली. मला ती बाटली ओळखू आली. मी हात ओढून घेतला.

"हात सरळ ठेवा ताई."

"सलाईन नको," मी म्हणाले. "पेज चुकून पोटात गेली, तीही बाहेर पडली. आता जाणून नको."

डॉक्टरबाईंना काही कळेना. मालकांनी घाबरत घाबरत नवसाचं सांगितलं. मला वाटलं आता त्या ओरडतील. गावातले डॉक्टर अशा वेळी आम्हाला अडाणी म्हणतात. पण तसं झालं नाही. माझा तळहात त्यांनी उलटा केला, रेघा बघितल्या. रेघा शाईनं ओढल्यासारख्या काळ्या झाल्या होत्या. ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. भागरथाबाई दारात उभी होती, ती म्हणाली, "मॅडम, माही खारी पेज पेली तं उठून बसली होती ही. खरंच सांगतो."

मग डॉक्टरबाई माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "ताई, नवसाच्या आधी तुम्हाला खारट खावंसं वाटायचं का? फार?"

जन्मात कुणाला न सांगितलेली गोष्ट, आणि ही अनोळखी पोरगी कानात विचारते. मी होकारार्थी मान हलवली आणि माझ्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. शरमेचं नव्हतं ते. कुणीतरी ओळखलं, याचं होतं.

त्या म्हणाल्या, "तो तुमचा चोरटेपणा नव्हता. तुमचं अंग मीठ धरून ठेवू शकत नाहीये, म्हणून ते मागत होतं. आता ते इतकं कमी झालंय की थांबलो तर हृदय कधीही बंद पडू शकतं. मला थांबता येणार नाही."

हे मला सगळं समजलं. मरणाची भीती वाटली नाही असंही नाही. पण डोळे मिटले की माझी मुलगी दिसत होती, आजीच्या अंगणात फ्रॉक सावरत उभी. मी मेले तर ती आईवाचून राहील, आणि मी नवस मोडला तर तिच्यावर उतरेल. दोन्हीकडून तीच. माझी मूठ उघडेना. मालक माझे पाय धरून बसले होते. मी मनात आईला म्हणाले, मला काही सुचत नाही गं. तूच काय ते कर. वर्षभर तिच्याकडं मी ताकद मागितली होती, आरोग्य मागितलं होतं. असं रिकाम्या हातानं काहीच न मागता तिच्यापुढं कधी पडले नव्हते.

आणि आत्याबाई पुढं आल्या. ज्यांनी माझ्या ट्रंकेत मिश्रीची डबी शोधली त्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट घेतला, मग त्याचं टोक दोन्ही हातांनी माझ्यापुढं पसरलं. ओटी घेताना पसरतात तसं.

"टाक," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझी अळणी टाक माझ्या पदरात. उरलेली मी धरते. दर्शनाला मी जाते. आईला काय सांगायचं ते मी सांगंल. तिच्यापुढं तुझ्यापेक्षा जास्त वर्षं डोकं ठेवलंय मी. लेकराला काय होत नाही. टाक लवकर."

माझ्या हाताला जोर नव्हता. मालकांनी माझ्या कमरेचं हळदीचं फडकं सोडवलं, माझ्या बोटांत दिलं, आणि मी ते त्यांच्या पदरात सोडलं. आत्याबाईंनी पदराची गाठ मारली. मग डॉक्टरबाईंकडं बघून म्हणाल्या, "आता लावा. आता ती मोकळी आहे." दारातून भागरथाबाईनं नाक पुसल्याचा आवाज आला. सुई टोचलेली मला कळली नाही.

बाटलीसोबत त्यांनी दुसरं एक इंजेक्शन दिलं होतं. पुढं मला सगळं समजावून सांगितलं, ते मी माझ्या भाषेत लिहिते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांच्या रसामुळं अंगात मीठ टिकतं, रक्ताचा दाब टिकतो, ताप आला की माणूस झुंजू शकतो. माझ्या त्या ग्रंथी सुकून गेल्या होत्या. लहानपणी छातीत झालेला तो आजार जाता जाता तिथं जाऊन बसला असावा, असं त्यांनी फोटो काढल्यावर सांगितलं. हा आजार फार थोड्यांना होतो, म्हणून चटकन ओळखू येत नाही. आणि ओळखला नाही तर एक साधा ताप किंवा जुलाबसुद्धा जीव घेऊ शकतो. तपासण्यांसाठी पुढं नागपूरला नेलं. गोळ्या जन्मभर घ्यायच्या. एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. ताप आला तर दुप्पट, उलटी झाली तर सरळ दवाखाना. तो रस आता माझ्या अंगात कधीच तयार होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई एकट्या दर्शनाला गेल्या. त्या आधी कधी माणसांच्या सोबतीशिवाय घराबाहेर पडलेल्या नव्हत्या, आणि यात्रेत तर पाय ठेवायला जागा नसते. दुपार होत आली तरी आल्या नाहीत. मालक दाराशी येरझारा घालत होते. मग त्या आल्या, लुगडं अजून ओलं, कपाळभर कुंकू, ओठ कोरडे. माझ्या खाटेशी बसल्या आणि पदराची गाठ सोडायला लागल्या.

"आईपुढं ठेवलं," त्या म्हणाल्या. "सांगितलं, माझ्या सुनेचं आहे. पुजाऱ्यानं पायाला लावलं आणि त्यातलं थोडं परत माझ्याच हातात दिलं. म्हणाला, घेऊन जा माय, प्रसाद आहे."

त्यांच्या तळव्यावर हळदीनं पिवळे झालेले मिठाचे दोन खडे होते. एक त्यांनी माझ्या जिभेवर ठेवला. दुसरा स्वतःच्या. त्यांनीही आदल्या दुपारपासून मीठ खाल्लं नव्हतं. आम्ही दोघी तो खडा विरघळेपर्यंत बसून राहिलो.

पुढच्या चैत्रात आम्ही त्या पुलाशी टेम्पो थांबवायला सांगितला. माझ्या मनात धाकधूक होती, अशा गोष्टीतली माणसं परत भेटत नाहीत म्हणतात. भागरथाबाई तिथंच जाळं साफ करत बसली होती. मी साडी-चोळी आणि नारळ पुढं केला. तिनं मला ओळखलंच नाही. माझा रंग परत आला होता, अंगावर मांस चढलं होतं. आत्याबाईंना मात्र तिनं लगेच ओळखलं.

"तुमीच न जी, पालखीवाल्या?"

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना क्वचितच बघितलंय. किसनभाऊ म्हणाला, त्या दिवशी उतरवलेली मासळी सगळी खराब झाली, आणि पेजही त्याचीच होती, दिवसभर उपाशी राहिला. भागरथाबाई म्हणाली, "मंग का झालं? रोज तं खाऊन राह्यला." आणि मला विचारलं, "आज पेते का पेज? का आज बी काही सोडलं हाय?"

मी डबा दोन्ही हातांत घेतला आणि प्यायले.

देवी कशी मदत करते, हे मला सांगता येणार नाही. इंजिन तिनंच तापवलं का, तो डबा तिनंच भरला का, मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं की मला जे सगळ्यात हवं होतं ते मी हट्टानं तिच्यापुढं सोडायला निघाले होते, आणि तिनं ते तीन बायकांच्या हातून मला परत दिलं. आपण काय द्यायचं हे आपण ठरवतो आणि त्यालाच भक्ती म्हणतो. पण मूठ उघडण्याची वेळ आली तेव्हा माझ्या हातात देण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि तेव्हाच तिचा पदर पुढं आला.

आता आमच्या देवघरात आईच्या फोटोशेजारी माझ्या गोळ्यांची डबी असते. ती तिथं आत्याबाईंनी ठेवली, माझ्या हातून चुकू नये म्हणून. सकाळी त्या दिवा लावतात, पण काडी ओढायच्या आधी मागं वळून विचारतात, "घेतलीस का गं?" मी घेतली म्हटल्यावरच आमच्या घरी दिवा लागतो.